कडूला सोबत

छावणी,
४ जून

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. आळस नव्हे, हातच चालत नव्हता. आधी सांगतो की आता बरा आहे, म्हणजे पुढचं वाचताना छातीवर हात ठेवून बसणार नाहीस. मला हिवताप झाला होता. धरणाच्या मोजणीवर दुर्बिणीला डोळा लावून उभा होतो आणि दुर्बीणच हलायला लागली. मी दुर्बिणीखालच्या तिवईला शिव्या घातल्या. हाताखालची पोरं म्हणाली की तिवई नाही, साहेब, तुम्ही हलताय.

पुढचं सांगायलाही किळस येते. तीन पांघरुणांखाली दातावर दात वाजायचे आणि तासाभरात असा घाम फुटायचा की माझा मलाच वास सहन होईना. आणि हिवताप होणार नाही तर काय? आमच्या तंबूमागे पाण्याचं पिंप आहे, त्यात डासांच्या अळ्या अशा वळवळतात की पाणी जिवंत वाटतं. आचाऱ्याला सांगितलं तर म्हणाला, उकळल्यावर मरतात. हा माणूस ज्या फडक्याने मान पुसतो त्याच फडक्याने ताटं पुसतो. मी हल्ली डोळे मिटून जेवतो.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे औषध. क्विनाईनच्या गोळ्या, दिवसातून तीनदा. जिभेला टेकली की संपलं. पाण्याने जात नाही, साखरेने जात नाही. ढेकर आला तरी कडू, आवंढा गिळला तरी कडू. शिवाय कानात रातकिडे बसल्यासारखे अखंड किरकिरतात. छावणीवरच्या डॉक्टरीणबाई समोर उभ्या राहून गोळी गिळायला लावतात आणि मग आ करायला सांगतात. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला! आईची आठवण झाली.

गंमत ऐक. बाई म्हणाल्या की हेच औषध अगदी थोड्या प्रमाणात कुणाकुणाला रात्री पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून देतात. मी लगेच म्हटलं की मग आमच्या ताईला लिहून द्या. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढची गोळी न सांगताच गिळली. ज्याचं त्याच्या डॉक्टरने तपासून द्यायचं असतं, म्हणे.

सूनबाईंना आशीर्वाद सांग. या कडू तोंडाच्या माणसावर माया असू दे.

तुझा,
तोंडवाकड्या


घर,
११ जून

चि. तोंडवाकड्यास,
अनेक आशीर्वाद.

हिवताप होऊन गेला आणि आता कळवतोस? वर मला छातीवर हात ठेवू नको सांगतोस. माझ्या छातीत आधीच गोळीवर चालणारं हृदय आहे, त्याला असली पत्रं सोसत नाहीत.

आता तू गंमत ऐक. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी मला आमच्या डॉक्टरांनी तेच औषध दिलं! पोटरीतला गोळा हल्ली रोज यायला लागला होता. झोपेत पाय आपोआप ताणला जातो, बोटं वाकडी होतात आणि पोटरीत कुणीतरी कपडा पिळावा तसं पिळतं. मी ओरडते, सूनबाई धावत येते आणि पाय चोळते. स्वतःच्या पायाची एवढी शिसारी मला कधी आली नव्हती. सगळा जन्म दुकानात रफूच्या टेबलापाशी पाय लोंबकळत ठेवून बसले, आता तो सूड उगवतोय.

डॉक्टरांनी मला दहा प्रश्न विचारले. हृदयाची गोळी घेते हे मी आपणहून सांगितलं, डबीच दाखवली. ते म्हणाले की हे औषध त्या गोळीचा जोर वाढवतं, म्हणून ती अर्धी केली. मग बजावलं की झोपताना एक, एकाहून जास्त नाही. कान वाजले, डोळ्यांपुढे धूसर झालं, मळमळलं, तर बंद करून तडक यायचं. सूनबाईने हे सगळं ऐकलं आणि घरी येऊन खणाखणांची प्लॅस्टिकची डबी आणली, त्यात माझ्या गोळ्या वारानुसार भरल्या. मी काय कोंबडी आहे का, रोज मोजून दाणे टाकायला?

पण कडू मात्र खरंच कडू. माझी तर एवढीशी, शिवाय वरून गुळगुळीत. ती गिळताना मला तुझी दया आली. हे पोर असल्या मोठाल्या गोळ्या दिवसातून तीनदा गिळतंय! आईचा नियम आठवतो ना? घरात एकाला कडू औषध असलं की दुसऱ्याने चमचा चाटायचा. कडूला सोबत लागते म्हणायची. तुझ्या खोकल्याचा काढा मी इतका चाटला आहे की खोकला मला व्हायला हवा होता. आणि तू माझ्या वेळेला चमचा चाटल्याचं सोंग करून पाठीमागे पुसायचास, ते मला माहीत होतं बरं.

तेव्हा गोळ्या पुऱ्या कर. बरं वाटलं की सोडायच्या नाहीत. डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग, बाई गुणी दिसतात.

माझे आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेतच.

तुझी,
ताई


छावणी,
१७ जून

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझं आणि माझं औषधही एकच निघावं! आई असती तर म्हणाली असती, एका चमच्याची भावंडं.

मी ठणठणीत आहे. ताप पळाला. चहा पुन्हा चहासारखा लागतो, कानातले रातकिडे गेले. कालपासून दुर्बिणीवर उभा राहतोय. डॉक्टरीणबाई दुसऱ्या छावणीवर गेल्या आहेत, त्यामुळे आ करून दाखवण्याची नामुष्की टळली. त्यांनी गोळ्या जरा सढळ हातानेच देऊन ठेवल्या होत्या. माझ्यापुरत्या ठेवल्या, उरलेल्या पाठवतो. औषध तेच, तुझ्या पायाला होतील. इथे तंबूत पडल्या तर ओल धरून त्यांची घाण होईल. परवा उशीखाली हात घातला तर एक गोळी विरघळून गादीला चिकटली होती आणि तिच्यावर मुंग्याही चढल्या नव्हत्या. मुंगीलाही नको असलेली वस्तू माणसाने खायची, काय जगणं आहे!

आमचा जीपवाला तिकडे येतो आहे, त्याच्याबरोबर माझा पांढरा सदराही देतो. काट्याकुट्यात कॉलरीपाशी फाटला. वरिष्ठ पाहणीला यायचे आहेत, तेव्हा घालायला तोच एक धड आहे. तू हात लावलास की कुठे फाटला होता हे मला स्वतःला सापडत नाही. गोळ्यांची पुडी सदऱ्याच्याच खिशात आहे.

बाकी मजेत. आचाऱ्याने नवं फडकं घेतलं. मानेला नवं, ताटांना जुनंच.

लोभ आहे तो वाढला नाही तरी चालेल, आटू देऊ नकोस.

तुझा,
तोंडवाकड्या


घर,
२६ जून

चि. तोंडवाकड्यास,
अनेक आशीर्वाद.

जीपवाला आला, चहा पिऊन गेला. आता पुन्हा इकडे आला आहे, तेव्हा सदरा त्याच्याच हाती देते आहे, त्यासोबत हे पत्र. रफू झकास झाली आहे. दोऱ्याचा पांढरा असा जुळला की मलाच टाका दिसेना.

पुडी मिळाली. सूनबाईला दाखवली नाही, तिने लगेच खणांच्या डबीचं पुराण लावलं असतं. माझ्या पायासाठी नकोत त्या, माझ्या एका गोळीने गोळे थांबले आहेत. पण तू तिकडे एकटा गिळतोस हे मनाला लागून राहिलं होतं. तेव्हा मी आईचा नियम पाळते आहे. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जेवणावर तू जेव्हा घेत असशील तेव्हा मीही तुझ्यातली एक घेते. आता म्हणशील, डॉक्टरांनी एकच सांगितली होती ना? माझी मी झोपताना एकच घेते. डबीत मोजून बघ हवं तर. ही तुझ्या खात्यातली, माझ्या नव्हे. आणि शपथ आहे, काय कडू रे! तुझं तोंड वाकडं झालं तर नवल नाही. पण सोबत आहे म्हटल्यावर जाते. तुलाही जात असेल.

बाकी इकडे सगळ्याचाच वीट आला आहे. जेवणावरची वासना गेली. सूनबाई चांगलं करते, पण ताट समोर आलं की पोटात ढवळतं. काल उकडलेल्या बटाट्यांकडे बघून मला अशी शिसारी आली की ते मी फडक्यात गुंडाळून खिडकीबाहेर टाकले. किटली बंद केली तरी तिचा सूं आवाज चालूच राहतो, सूनबाई म्हणते तिला ऐकू येत नाही. दुकानात मालकांनी दिवे बदलले आहेत वाटतं. सगळ्यावर पिवळट साय धरल्यासारखी दिसते, चादरी धुऊन आल्या तरी कळकट. मी मालकांना म्हटलं की असल्या उजेडात काम होत नाही, तर म्हणाले की दिवे तेच आहेत. हल्ली सगळेच खोटं बोलतात.

काल तर कहर झाला. एका बाईने पांढरा टेबलक्लॉथ परत आणून माझ्यासमोर आपटला. म्हणे मी पिवळ्या दोऱ्याने रफू केली! मी! सात प्रकारचे काळे दोरे हाताच्या चिमटीत ओळखते मी. मी तिला असं झाडलं की ती रडतच गेली. मालकांनी मला घरी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितलं. त्या दुकानात तेहतीस वर्षं काढली, आणि आता विश्रांती घ्या म्हणे. घाण वाटली मला.

असो. तुझी पुडी संपत आली आहे, म्हणजे तुझ्याही गोळ्या संपत आल्या असतील. पार पडलं म्हणायचं. नंतर दोघंही काहीतरी गोड खाऊ.

जपून राहा. आशीर्वाद देणारी,
ताई


छावणी,
१ जुलै

ति. ताईस,
हे पत्र मिळताक्षणी त्या गोळ्या घेणं बंद कर. माझ्याही, तुझीही. आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. बाकीचं नंतर वाच. सूनबाई, तुमच्या हाती आधी पडलं तर त्यांना तसंच उचलून न्या.

कामाच्या कचेरीतला फोन वादळापासून मुका आहे, म्हणून जीपवाल्याला उलट्या पावली पाठवतो आहे. त्याने पत्र दारात टाकायचं नाही, हातात द्यायचं आहे.

अक्षर लागत नसेल तर माफ कर, ताप परत आला आहे. आणि तो का आला ते लिहिल्याशिवाय सुटका नाही. मी गोळ्या घेत नव्हतो, ताई. तुला पुडी पाठवली ती माझ्यापुरत्या ठेवून नव्हे. होत्या त्या सगळ्या पाठवल्या. ताप उतरला, कडू नकोसं झालं, आणि इथे राहिल्या असत्या तर बाईंनी परत येऊन मोजल्या असत्या. म्हणून त्या तुझ्या गळ्यात मारल्या. तू तिकडे माझ्या सोबतीला म्हणून गिळत होतीस आणि मी इथे चहा पीत होतो.

आज सदरा आला. उघडला तर पांढऱ्या कॉलरीवर हळदीसारख्या पिवळ्या दोऱ्याची रफू. मी आधी हसलो. तू चेष्टा केलीस वाटलं. डॉक्टरीणबाई परत आल्या आहेत, माझी नाडी बघत बसल्या होत्या. त्यांना कौतुकाने सदरा दाखवला आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं. तुमच्या बहिणीला हृदयाची गोळी चालू आहे का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. मग त्या जे बोलल्या ते लिहीत नाही, मी त्या लायकीचा आहे. त्यांचं म्हणणं असं की क्विनाईन इतकं वाढल्यामुळे हृदयाची गोळी रक्तात साचली असणार. जेवण नकोसं होणं, सगळं पिवळं दिसणं, हे त्याचंच. कानातली किटली क्विनाईनची. हृदय मंदावत जाऊ शकतं, आणि क्विनाईन फार झालं तर नजरही जाऊ शकते. त्यांची चिठ्ठी सोबत आहे, ती डॉक्टरांना द्या.

मला माझी किळस येते आहे. थांबतो, जीप निघाली.

तोंडवाकड्या


घर,
६ जुलै

ति. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही वडीलधारे आहात म्हणून नमस्कार लिहिला. पुढे पत्रात मान राखला जाईलच असं सांगत नाही.

तुमचा जीपवाला आला तेव्हा घराला कुलूप होतं. आदल्या दिवशी आई न्हाणीघराच्या दारात पडल्या. मी त्यांना घेऊन रुग्णालयात होते आणि हे कामावर बाहेरगावी. शेजाऱ्यांनी जीपवाल्याला पत्ता दिला. त्याने कॉरिडॉरमध्ये मला गाठून पत्र हातात ठेवलं आणि मी ते उभ्या उभ्या वाचलं. मामा, तिथेच ते फाडून फेकावंसं वाटलं. फेकलं नाही, कारण त्या चिठ्ठीची तिथे गरज होती.

तिथले डॉक्टर रात्रभर विचारत होते की काय काय घेतलं आहे. आईंनी शुद्धीत असेपर्यंत खरं तेच सांगितलं, माझी क्विनाईनची एक आणि हृदयाची अर्धी. मी खणांची डबी दाखवली, एकूण एक गोळी बरोबर. तुमच्या गोळ्यांबद्दल त्या बोलल्या नाहीत, कारण त्यांच्या हिशेबी त्या तुमच्या होत्या! चिठ्ठी वाचल्यावर डॉक्टर धावले. नाडी इतकी हळू पडत होती की मी मनगट धरून पुढच्या ठोक्याची वाट बघायची. सतत वांत्या. मी बादल्या धुतल्या आणि प्रत्येक बादलीला तुमची आठवण काढली. चांगली नव्हे.

घरी येऊन त्यांचा शिवणाचा डबा उघडला. बोटात घालायच्या अंगुस्तानाखाली तुमची पुडी होती, तळाशी दोन गोळ्या उरलेल्या, दोऱ्याचे धागे आणि खडूची पूड चिकटलेल्या. असलं त्या तोंडात घालत होत्या. खिडकीबाहेर मला आठवड्याचे बटाटे सापडले. मला वाटायचं माझ्या हाताची चव गेली.

आता जीव वाचला आहे. नाडी सुधारली, उलट्या थांबल्या. पण डोळ्यांचं डॉक्टर नक्की सांगत नाहीत. समोर कोण आहे ते कळतं, चेहरा कळत नाही. नजर बहुतेक येईल म्हणतात, किती येईल ते सांगत नाहीत. काल आईंनी पलंगावरची चादर बोटांनी चाचपून एक फाटलेली जागा शोधली आणि माझ्याकडे सुई मागितली. मी दिली नाही. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. रफूवालीची नजर गेली तर तिचं काय उरतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मी त्यांना तुमचं पत्र पूर्ण वाचून दाखवलं आहे. काही गाळलं नाही.

तुमचा ताप उतरो, आणि या वेळी औषध पोटात जावो. रागासकट नमस्कार.

सूनबाई


घर,
२४ जुलै

चि. तोंडवाकड्यास,
आशीर्वाद.

अक्षर मोठं आणि वाकडं आहे, पण माझं मी लिहिते आहे. सूनबाई शेजारी बसून ओळ चुकली की बोट ठेवते. तिला बोट ठेवायला फार आवडतं. पण तिने माझ्यासाठी जे केलं ते पोटची करणार नाही.

नजर हळूहळू आली. आधी माणसांना नाक-डोळे आले. मग एका सकाळी नर्स आली आणि तिचा कोट पांढरा दिसला. मी तिला तसं सांगितलं तर म्हणाली की तो रोजच पांढरा असतो. मी रडले. परवा सुईत दोरा ओवला, तिसऱ्या खेपेला गेला. त्या टेबलक्लॉथवाल्या बाईकडे सूनबाईला घेऊन गेले आणि हात जोडले. तिने चहा दिला. मालकांनी टेबल रिकामंच ठेवलं आहे, बारीक काम इतक्यात नको म्हणतात.

पोटरीतले गोळे परत आले. नवे डॉक्टर म्हणाले की माझ्या हृदयाला क्विनाईन आता नकोच, थोडंही नको. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायला शिकवलं आहे. ते करते. थोडा उपयोग होतो, बाकी सोसते.

तुझी तीन पत्रं आली. सगळ्यांत क्षमा मागितली आहेस. मला त्या गोळ्यांचा राग नाही. तू खोटं बोललास याचाही तेवढा नाही, लहानपणापासून चमचा पाठीमागे पुसत आलास. मला किळस आली ती वेगळ्याच गोष्टीची. कडू घशाशी आलं की मी स्वतःला सांगायची, ते पोर हेच गिळतंय, तूही गीळ. तोंडावर हात दाबून धरायची, बाहेर पडू नये म्हणून. मी सोबत म्हणून ते सगळं पोटात ठेवलं आणि दुसरीकडे कुणीच नव्हतं. त्या दिवसांची आठवण आली की अजून तोंडाला पाणी सुटतं, उलटीआधी सुटतं तसं.

डॉक्टरीणबाईंनी मला वेगळं पत्र लिहिलं. या वेळी तुझ्या गोळ्या पुऱ्या झाल्या, शेवटच्या गोळीलाही तुला आ करायला लावलं, असं त्यांनी लिहिलं आहे. तू लिहिलं असतंस तर विश्वास ठेवला नसता. पुढे कधी तुला औषध असलं तर वेळ कळव. त्या वेळेला मी इथे बसून नुसतं तोंड वाकडं करीन. तेवढीच सोबत आता माझ्याकडून मिळेल.

माया आहे. ती कमी होत नाही, हीच तर पंचाईत आहे.

तुझी,
ताई

ता. क. सदरा परत पाठवून तू लिहिलंस की जमेल तेव्हा पिवळा दोरा काढून पांढरा घाल. काल उन्हात बसून नीट पाहिला. उसवता आला असता, तेवढी नजर आली आहे. उसवला नाही. धुऊन, इस्त्री करून जीपवाल्याकडे दिला आहे. पाहणीला वरिष्ठ येतील तेव्हा तोच घाल.